फोटोचा बाजार : पॅरिसचा मेळा आणि आपल्या पेटीतील निगेटिव्ह

धुळ्यात किंवा जळगावात एखाद्या स्टुडिओत जाऊन आठ बाय दहाचा फोटो काढून घेतला तर शंभर-दोनशे रुपयांत काम होते. परंतु दरवर्षी नोव्हेंबर महिन्यात पॅरिस शहरात एक मेळा भरतो. तेथे तेवढ्याच आकाराचा फोटो आपल्या पैशात लाखो रुपयांना विकला जातो आणि घेणारा तो आनंदाने घेऊन जातो. कॅमेरा तोच, कागदही थोडाफार तसाच. मग एवढी किंमत कशाची? व्यापार करणाऱ्या माणसाच्या मनात हा प्रश्न यायलाच हवा.

फोटो काढण्याच्या जायज-नाजायजचा मसला उलेमांचा आहे, त्यात आम्ही पडत नाही. हा बाजार चालतो कसा आणि त्यातून आपल्या भागातील व्यापारी व कारागीर बांधवांनी काय घ्यावे, एवढेच येथे सांगायचे आहे.

दुकान कलावंताचे नसते

पॅरिसच्या या मेळ्याचे नाव ‘पॅरिस फोटो’. तो १९९७ साली सुरू झाला. २०११ पासून तो ‘ग्रां पाले’ या काचेच्या छताच्या मोठ्या इमारतीत भरू लागला. मध्यंतरी इमारतीच्या दुरुस्तीमुळे जागा बदलली होती. २०२४ साली तो पुन्हा तेथेच आला. लंडनमध्ये २०१५ पासून ‘फोटो लंडन’ नावाचा मेळा भरतो. अमेरिकेत फोटोच्या व्यापाऱ्यांची संघटना १९७९ साली स्थापन झाली आणि तिचाही न्यूयॉर्कमध्ये मेळा असतो. आपल्याकडे फक्त फोटोचा एवढा मोठा बाजार नाही. मात्र दिल्लीत २००८ साली सुरू झालेल्या आणि आज ‘इंडिया आर्ट फेअर’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या मेळ्यात आणि २०२३ साली मुंबईत सुरू झालेल्या ‘आर्ट मुंबई’त चित्रांबरोबर फोटोही मांडले जातात.

अशा मेळ्यात फोटो काढणारा स्वतः गाळा घेत नाही. गाळा घेते गॅलरी. गॅलरी म्हणजे कलावंताचा माल मांडणारी व विकणारी पेढी. दिल्लीची ‘फोटोइंक’ आणि बंगळुरूची २००६ साली निघालेली ‘तस्वीर’ या खास फोटोचे काम करणाऱ्या पेढ्या आहेत. पैसे भरले म्हणून गाळा मिळतो असेही नाही. गॅलरीला अर्ज करावा लागतो, कोणाचे कोणते काम मांडणार ते कळवावे लागते. निवड समिती अर्ज पाहते आणि मगच जागा देते. कारण एका गाळ्यावर खोटा माल निघाला तर बदनामी साऱ्या बाजाराची होते. आपल्या कापड बाजारातही एका दुकानाचा रंग उतरला की गिऱ्हाईक साऱ्या गल्लीला नाव ठेवते, तसेच हे.

गाळ्याचे भाडे, विमा, वाहतूक, फ्रेमा, माणसांचा मुक्काम हा सारा खर्च बहुधा गॅलरी करते. चार-पाच दिवसांत विक्री झाली तर ठीक, नाही तर तोटा तिचा. गिऱ्हाईक मात्र तेथे जगभरचे येते. शौकीन श्रीमंत येतात, बँका व कंपन्यांचे संग्रह पाहणारे येतात, संग्रहालयांचे अधिकारी येतात. एखाद्या मोठ्या संग्रहालयाने फोटो घेतला की त्या कलावंताच्या पुढच्या मालाला आपोआप भाव चढतो.

जांगडचा व्यवहार

गॅलरी आणि कलावंत यांच्यातला व्यवहार आपल्याला नवा वाटू नये. तो आपल्या जांगडसारखाच आहे. कलावंत माल गॅलरीकडे ठेवतो, परंतु विकला जाईपर्यंत मालकी त्याचीच राहते. विकला तर किमतीचे दोन भाग होतात. सर्वसाधारण रिवाज निम्म्या-निम्म्याचा आहे. निम्मे म्हटल्यावर आपल्या लोकांना धक्का बसतो, कारण आडतीचे दर आपल्याला माहीत आहेत. परंतु आडत्या एका दिवसात माल काढून मोकळा होतो. गॅलरी त्या माणसाचे नाव बाजारात उभे करण्यासाठी वर्षानुवर्षे पैसा घालते. प्रदर्शन भरवते, पुस्तक काढते, मेळ्यात नेते.

तरीही कलावंताने चार गोष्टी कागदावर घ्याव्यात. किती प्रती दिल्या, छपाई आणि फ्रेमेचा खर्च कोणाचा, सूट दिली तर ती कोणाच्या हिश्शातून, आणि विक्रीनंतर किती दिवसांत पैसे मिळणार. जांगडच्या चिठ्ठीवर नग आणि तारीख नसेल तर पुढे काय होते, हे कापड बाजारात कोणाला सांगायला नको.

नगाचा हिशेब

आता मूळ प्रश्न. चित्र एकच असते. फोटो मात्र एका निगेटिव्हवरून हजार काढता येतात. मग हजारातला एक कोण लाखाला घेईल? म्हणून या बाजाराने एक शिस्त घालून घेतली. फोटो काढणारा आधीच जाहीर करतो की या आकाराच्या या फोटोच्या फक्त पाच, आठ किंवा दहा प्रती निघतील. प्रत्येक प्रतीच्या मागे नंबर आणि सही असते. पाचपैकी दुसरी, पाचपैकी तिसरी अशी. एक-दोन प्रती कलावंत स्वतःसाठी ठेवतो, त्याही नोंदलेल्या असतात.

माल जसजसा संपतो तसतशी किंमत वाढते. समजा, पाच प्रतींपैकी पहिल्या दोन पन्नास हजाराला गेल्या, तर पुढच्या दोन पाऊण लाखाला आणि शेवटची सव्वा-दीड लाखाला जाऊ शकते. लवकर घेणाऱ्याला फायदा, उशिरा येणाऱ्याला चढा भाव. म्हणजे गिऱ्हाईक पैसे देते ते नुसत्या कागदाचे नव्हे. सहावी प्रत निघणार नाही, या जबानीचे ते पैसे आहेत.

ही जबान मोडली तर काय? अमेरिकेत २०१२ साली यावर खटला झाला. विल्यम एगल्स्टन या नामांकित फोटोग्राफरने आपल्या जुन्या फोटोंच्या, ज्यांच्या प्रती पूर्वी मोजून विकल्या होत्या, नव्या पद्धतीने आणि मोठ्या आकारात प्रती काढल्या. लिलावात ३६ प्रतींचे सुमारे ५९ लाख डॉलर आले. जुन्या प्रती घेणारा एक संग्राहक कोर्टात गेला की माझ्या मालाची किंमत उतरली. २०१३ साली कोर्टाने त्याचा दावा फेटाळला. आकार व छपाई वेगळी म्हणजे माल वेगळा ठरला. कायद्याने हे बरोबर असेल, परंतु शहाणा व्यापारी यातून एवढेच शिकतो की ‘या आकारात पाच’ असा शब्द असेल तर दुसऱ्या आकाराचे काय, हेही आधीच लिहून घ्यावे.

नव्या मालाखेरीज जुन्या मालाचाही भाव वेगळा असतो. फोटो काढला त्याच सुमारास ज्या प्रती छापल्या गेल्या त्यांना जास्त किंमत येते; त्याच निगेटिव्हवरून पन्नास वर्षांनी काढलेल्या प्रतीला कमी. कागदही पाहिला जातो. लाकडाच्या लगद्याचा हलका कागद पिवळा पडतो. म्हणून चांगल्या प्रती बहुधा आम्ल नसलेल्या, कापसाच्या तंतूंपासून केलेल्या कागदावर छापतात. ज्या कापसावर आपला जळगाव-धुळ्याचा बाजार उभा आहे, तोच कापूस तेथे कागद होऊन भाव खातो.

माल परदेशी जातो कसा

ही गोष्ट कापडाचे नमुने घेऊन परदेशी मेळ्यात जाणाऱ्यांच्याही कामाची आहे. मांडण्यासाठी नेऊन परत आणायच्या मालाकरिता ‘ए.टी.ए. कार्ने’ नावाचे एक कागदपत्र असते. भारतात ते ‘फिक्की’ ही संस्था देते. त्यावर माल दुसऱ्या देशात जकात न भरता नेता येतो. अट अशी की तो मुदतीत, म्हणजे एका वर्षाच्या आत, परत आणायचा. तिकडे विकला गेला तर तिथली जकात व कर भरावे लागतात. खाऊन-वापरून संपणाऱ्या मालाला हे चालत नाही. शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंचे प्रकरण निराळे आहे. त्यांना १९७२ चा पुरावस्तू कायदा लागतो आणि अशी वस्तू खाजगी माणसाला देशाबाहेर विकता येत नाही.

खानदेशची पुंजी

या साऱ्याशी आपला काय संबंध, असे कोणी म्हणेल. तर ऐका. भुसावळला रॉबर्ट गिल या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याची कबर आहे. १८४४ च्या सुमारास त्याला अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला काढण्यासाठी पाठवले होते. त्याच्या बऱ्याचशा नकला १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. पण तोवर त्याने हाती कॅमेराही घेतला होता. अजिंठा-वेरूळच्या त्याच्या फोटोंची पुस्तके १८६४ साली लंडनला निघाली. चित्रे जळाली, फोटो उरले. आज त्या जुन्या प्रती संग्रहालयांत जपून ठेवल्या जातात.

दुसरे नाव चाळीसगावचे केकी मूस. जन्म १९१२, इंतकाल १९८९. हे पारशी गृहस्थ इंग्लंडहून शिकून आले आणि पुढे सुमारे पन्नास वर्षे चाळीसगावच्या आपल्या घराबाहेर जवळजवळ पडलेच नाहीत. टेबलावर काटक्या, वाळू, खेळणी अशा साध्या वस्तू मांडून त्यांचा असा फोटो काढत की पाहणाऱ्याला खराखुरा डोंगर, खरेखुरे बर्फ वाटावे. त्यांचे फोटो देशविदेशांतील प्रदर्शनांत गेले, बक्षिसे मिळाली. आज त्यांचे घर संग्रहालय म्हणून जपले आहे. येथे एक फरक समजून घ्यावा. स्पर्धेच्या प्रदर्शनात पदक मिळते, मेळ्यात गिऱ्हाईक मिळते. मूस गेले तेव्हा पॅरिसचा मेळा सुरू व्हायला आठ वर्षे होती.

जुने फोटो जमवून पुंजी करणारा एक माणूस आपल्याच महाराष्ट्रात वाढला. नाटकातले मोठे नाव इब्राहिम अल्काझी हे १९२५ साली पुण्यात जन्मले. वडील अरबस्तानातून आलेले व्यापारी. अल्काझींनी एकोणिसाव्या व विसाव्या शतकातले हिंदुस्थानचे जुने फोटो जमवले. लाखाच्या आसपासचा तो संग्रह दिल्लीत आहे आणि अभ्यासकांच्या उपयोगी पडतो. २०२० साली ते वारले, संग्रह राहिला.

बामाकोच्या सुताराची गोष्ट

आफ्रिकेत माली नावाचा मुस्लिम वस्तीचा देश आहे. त्याची राजधानी बामाको. तेथे सेदू केइता नावाचा माणूस सुतारकाम शिकला होता. लहानपणी चाचाने एक साधा कॅमेरा आणून दिला, तो शिकला आणि १९४८ साली त्याने स्टुडिओ टाकला. पाठीमागे पडदा म्हणून पलंगावरची चादर लावायचा. काही वर्षांनी फुलापानांचे दुसरे कापड यायचे, मग तिसरे. पुढे कोणता फोटो कोणत्या सालचा, हे तो पाठीमागचे कापड पाहून सांगत असे. निगेटिव्ह त्याने जपून ठेवल्या होत्या.

१९९१ साली न्यूयॉर्कच्या एका प्रदर्शनात त्याचे काही फोटो लागले, पण खाली नाव नव्हते. फोटोग्राफर अज्ञात, बामाको, एवढेच. नंतर फ्रान्सहून माणूस शोधत आला आणि १९९४ साली पॅरिसमध्ये केइताचे स्वतंत्र प्रदर्शन झाले. तेव्हा तो सत्तरी ओलांडलेला होता. त्यानंतर त्याच्या प्रती मोठमोठ्या गॅलऱ्यांत व मेळ्यांत विकल्या गेल्या. २००१ साली तो वारला आणि मागे निगेटिव्ह कोणाच्या, नव्या प्रती काढण्याचा हक्क कोणाचा, यावर वाद उठून प्रकरण कोर्टापर्यंत गेले. माल उत्तम होता, माणूस गुणी होता. आधी नाव लिहिलेले नव्हते, नंतर कागद पक्के नव्हते.

आमच्या हातून झालेली चूक

हे वाचले तेव्हा मला माझे मामू आठवले. धुळ्यात त्यांचा लहानसा स्टुडिओ होता. १९९८ साली ते गेल्यावर दुकान रिकामे करायचे होते. काचेच्या आणि फिल्मच्या निगेटिव्हच्या चार पेट्या निघाल्या. भंगारवाला म्हणाला, “भाईजान, काच वेगळी, फिल्म वेगळी, भाव वेगळा.” हातगाडी मीच बोलावून दिली. फिल्म चांदी काढण्यासाठी गेली, काच धुऊन कुठल्या चौकटीत बसली असेल. शहरातल्या निम्म्या घरांचे तीस-पस्तीस वर्षांचे चेहरे मी किलोच्या भावाने दिले. त्या फोटोंना पॅरिसमध्ये भाव आला असता, असे मी म्हणत नाही. परंतु त्यांची किंमत काय, हे विचारण्याआधीच मी त्या विकल्या, हे व्यापाऱ्याला शोभणारे नव्हते.

काय करावे

ज्यांच्या घरी किंवा दुकानी जुन्या स्टुडिओचा माल आहे, त्यांनी तो भंगारात घालू नये. पेटी कोरड्या, थंड जागी ठेवावी. जुनी बिलबुके व नोंदवह्या तर मुळीच टाकू नयेत, कारण कोणता फोटो कोणाचा व कधीचा हे त्यावरूनच कळते. प्रत काढून कोणाला दिली तर मागे नाव, गाव, साल पेन्सिलीने लिहावे.

हक्काचाही विचार करावा. आपल्या कायद्याप्रमाणे गिऱ्हाइकाने पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा हक्क, वेगळा करार नसेल तर, गिऱ्हाइकाचा असतो. निगेटिव्ह पेटीत आहे म्हणून हक्क आपला होत नाही. घराघरांतील मायबहिणींचे फोटो स्टुडिओवाल्याकडे अमानत असतात. त्या घरच्या माणसांना विचारल्याखेरीज ते प्रदर्शनात किंवा बाजारात जाता कामा नयेत, मग कोणीही कितीही पैसे देवो. स्वतःच्या मनाने काढलेल्या फोटोचा हक्क काढणाऱ्याचा असतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर तो हयातभर व मरणानंतर साठ वर्षे राहतो.

आणि आपल्या तरुणांत जे कॅमेरा घेऊन चांगले काम करत आहेत, त्यांनी आजपासून हिशेब ठेवावा. कोणता फोटो, किती प्रती, कोणाला, किती रुपयांना. एक साधी वही पुरे आहे. उद्या एखादी गॅलरी दारात आली, तर फोटो पाहून झाल्यावर ती पहिल्यांदा हीच वही मागेल.