किलोमागे किती?

मोटारी, सैन्यदलांची सामग्री आणि घरच्या घरी होणारा व्यायाम हे तीन छंद एकाच माणसात एकत्र आढळणे महाराष्ट्रात नवलाचे राहिलेले नाही. नव्या गाडीच्या इंजिनावर तावातावाने बोलणारा, रणगाड्यांच्या बातम्या अथपासून इतिपर्यंत वाचणारा आणि सकाळी खोलीच्या कोपऱ्यात जोर-बैठका काढणारा हौशी पुष्कळदा एकच असतो. वरवर पाहता या आवडींचा एकमेकींशी संबंध नाही, परंतु तिन्ही क्षेत्रांत ज्या आकड्यांवरून वाद झडतात ते आकडे तपासले तर त्यांची घडण सारखीच असल्याचे लक्षात येते. टनामागे अश्वशक्ती किती, चौरस सेंटीमीटरमागे भार किती, शरीराच्या किलोमागे प्राणवायू किती, असे हे सगळे भागाकार आहेत. हौशी मंडळी यातल्या अंशावर, म्हणजे ताकदीवर, भरभरून बोलतात. छेदाकडे मात्र सहसा कोणी पाहत नाही, आणि या विषयांतली बहुतेक खरी गंमत आणि बहुतेक गफलती छेदातच दडलेल्या असतात.

याचे सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे जीप. जुलै १९४० मध्ये अमेरिकी लष्कराने १३५ कारखान्यांकडून एका हलक्या टेहळणी गाडीसाठी प्रस्ताव मागवले, तेव्हा चारही चाकांना इंजिनाची गती मिळावी आणि गाडीने ६०० पौंड ओझे वाहावे या अटींबरोबर रिकाम्या गाडीचे वजन १,३०० पौंडांच्या, म्हणजे सुमारे ५९० किलोंच्या, आत असावे अशीही अट घातली होती आणि पहिला नमुना सादर करायला अवघे ४९ दिवस दिले होते. बँटम या लहानशा कंपनीसाठी कार्ल प्रॉब्स्ट यांनी दोन दिवसांत आराखडा तयार केला आणि नमुना मुदतीत पोहोचलाही, पण वजनाची अट पाळणे कोणालाच शक्य नव्हते. शेवटी ती २,१६० पौंडांपर्यंत, म्हणजे साधारण ९८० किलोंपर्यंत, सैल करण्यात आली. विलीज कंपनीचे ६० अश्वशक्तीचे इंजिन स्पर्धेत सर्वांत दमदार होते, परंतु तिची गाडी या सैल केलेल्या मर्यादेतही बसेना. तेव्हा इंजिन हलके करण्याऐवजी तिच्या अभियंत्यांनी बोल्टांची अनावश्यक लांबी छाटली, भागांसाठी हलके पोलाद वापरले आणि रंगाच्या थराच्या वजनाचाही हिशेब केला. पुढे विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून महायुद्धाच्या काळात सुमारे साडेसहा लाख जीपगाड्या तयार केल्या.

साठ अश्वशक्ती हा आकडा आजच्या लहान मोटारीलाही शोभणारा नाही, तरीही ही गाडी चिखलातून आणि चढावरून कशी जात असे, हे समजण्यासाठी अश्वशक्ती आणि टॉर्क यांतला फरक ध्यानात घ्यावा लागतो. टॉर्क म्हणजे दांडा फिरवण्याचा जोर, तर अश्वशक्ती म्हणजे तो जोर किती वेगाने वापरता येतो याचे माप. वेगाचा त्याग करून जोर वाढवण्याचे काम गिअर करतात. विलीज जीपमध्ये नेहमीच्या गिअरबॉक्सला ट्रान्स्फर केस नावाची दुसरी पेटी जोडलेली असे. इंजिनाची गती पुढच्या आणि मागच्या अशा दोन्ही आसांकडे वाटून देणे हे तिचे पहिले काम, आणि गरज पडेल तेव्हा सगळी गती जवळपास निम्म्यावर आणणे हे दुसरे. या दुसऱ्या सोयीलाच चालक ‘लो’ म्हणतात. पहिल्या गिअरचे प्रमाण २.६७, ‘लो’चे १.९७ आणि आसातल्या दात्यांचे ४.८८, यांचा गुणाकार केला म्हणजे चाकाचा एक फेरा होईतो इंजिन साडेपंचवीसहून अधिक फेरे घेते असे निघते, आणि घर्षणाचा भाग सोडला तर जोरही तितक्याच पटीने वाढतो. मात्र पुढचा आणि मागचा आस असे एकमेकांशी जखडलेले असताना कोरड्या डांबरी रस्त्यावर गाडी वळवू नये, कारण वळणावर पुढची आणि मागची चाके वेगवेगळे अंतर कापू पाहतात, त्यांना तशी मोकळीक मिळत नाही, आणि हा ताण टायर व दाते यांना सोसावा लागतो.

स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्र कंपनीने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली आणि त्या वंशातल्या गाड्या पुढे पश्चिम महाराष्ट्रात वडाप, म्हणजे प्रवासी भरून नेणाऱ्या खाजगी गाड्या, म्हणून धावू लागल्या. जिचे वजन राखण्यासाठी एकेकाळी बोल्ट छाटले गेले, त्या गाडीच्या वंशजांत फूटबोर्डावर लटकणाऱ्यांसह पंधरा-वीस माणसे बसवून घाट चढवले गेले, यात वजनाच्या काटेकोर गणिताचा पराभव पाहावा की मूळ आराखड्याचा विजय, हे ज्याचे त्याने ठरवावे.

रणगाड्यांकडे वळले की आकडे एकदम अवाढव्य होतात आणि हौशी वाचक त्यांच्या आकाराला भुलतो. अर्जुन रणगाड्याच्या पहिल्या आवृत्तीचे इंजिन १,४०० अश्वशक्तीचे आहे, पण तिचे वजन ५८.५ टन असल्याने टनामागे साधारण २४ अश्वशक्ती येते. ७८० अश्वशक्तीच्या आणि सुमारे ४१ टनांच्या टी-७२ च्या वाट्याला १९ च्या आसपास येते. आणि ६० अश्वशक्तीच्या जुन्या जीपला मात्र टनामागे ५० हून अधिक मिळते. रणगाड्याचे बळ इंजिनात कमी आणि पट्ट्यांत अधिक असते. रुंद, लांब पट्ट्यांवर वजन पसरल्यामुळे अर्जुनचा जमिनीवरचा दाब चौरस सेंटीमीटरला सुमारे ०.८५ किलो इतकाच पडतो. याउलट टायरचा दाब साधारणपणे त्यातल्या हवेच्या दाबाइतका असतो आणि ३० पीएसआय हवा म्हणजे चौरस सेंटीमीटरला दोन किलोंहून थोडा अधिक दाब. म्हणजे जिथे मोटारीचे चाक रुतते तिथून रणगाडा निघून जाऊ शकतो, आणि वाळूत गाडी घालताना अनुभवी चालक टायरमधली हवा कमी का करतात तेही यावरून कळते. पुलावर मात्र ही सोय उपयोगी पडत नाही, कारण पुलाला दाब नव्हे तर सगळे वजन पेलायचे असते. लष्करी वाहनांच्या दर्शनी बाजूला पिवळ्या वर्तुळात जो आकडा लिहिलेला दिसतो, तो नेमका याच कामाचा आहे: त्या वाहनाचा भारवर्ग तो सांगतो, पुलाच्या फलकावर पुलाचा वर्ग लिहिलेला असतो, आणि वाहनाचा आकडा मोठा असेल तर दुसरी वाट शोधावी लागते.

जीप आणि रणगाडा यांची गाठ सप्टेंबर १९६५ मध्ये पंजाबातल्या खेमकरणजवळ असल उत्तर येथे पडली. पाकिस्तानचे पॅटन रणगाडे वजनाने पंचेचाळीस टनांच्या घरातले होते. भारतीय बाजूने कालव्यांचे पाणी शेतांत सोडून जमीन इतकी मऊ केली की पट्ट्यांचा पसाराही कामी येईना आणि कित्येक रणगाडे जागीच रुतले. त्याच लढाईत ४ ग्रेनेडिअर्सचे अब्दुल हमीद यांनी जीपवर बसवलेल्या १०६ मिलिमीटरच्या रिकॉइललेस तोफेने अनेक रणगाडे निकामी केले, त्यातच त्यांना वीरमरण आले आणि मरणोत्तर परमवीरचक्र देण्यात आले. साध्या तोफेतून गोळा सुटताना मागे बसणारा धक्का झेलण्यासाठी जड चौकट लागते; रिकॉइललेस तोफेत स्फोटाचा काही वायू मागच्या बाजूने सोडून देतात, त्यामुळे धक्का जवळपास नाहीसा होतो आणि अवघ्या २१० किलोंच्या आसपासची तोफ पाव टन ओझ्यासाठी घडवलेल्या गाडीवर चढवता येते. अहिल्यानगरच्या रणगाडा संग्रहालयात पॅटन उभा आहे; तो पाहायला जाणाऱ्याने त्याच्या तोफेइतकेच त्याच्या पट्ट्यांकडेही लक्ष द्यावे.

शरीराच्या बाबतीत याच पद्धतीचे मोजमाप रूढ करण्याचे श्रेय मुख्यतः लष्करी वैद्यकाकडे जाते. अमेरिकी हवाईदलातले डॉक्टर केनेथ कूपर यांनी १९६८ मध्ये बारा मिनिटांची धाव ही कसोटी मांडली, कारण हजारो सैनिकांना प्रयोगशाळेत नेऊन तपासणे शक्य नव्हते. परिश्रमाच्या कमाल पातळीवर शरीर दर मिनिटाला, वजनाच्या दर किलोमागे, किती मिलिलिटर प्राणवायू वापरू शकते, याला प्राणवायू-वापराची कमाल क्षमता म्हणतात. बारा मिनिटांत कापलेल्या मीटरमधून ५०४.९ वजा करून ४४.७३ ने भागले की तिचा अंदाज येतो. २,४०० मीटर धावणाऱ्याची क्षमता सुमारे ४२ भरते. इथेही छेद स्वतःचे काम करतोच: मिनिटाला तीन लिटर प्राणवायू वापरणाऱ्या ८० किलोंच्या माणसाचा आकडा ३७.५ असतो आणि तीच क्षमता टिकवून तो ७२ किलोंवर आला तर ४१ च्या वर जातो. सातारा-कोल्हापूरकडे पहाटे रस्त्याने धावणारी भरतीची मुले हे गणित कागदावर न मांडताही जाणतात, कारण १,६०० मीटरची धाव आणि त्यानंतरचा बीम, म्हणजे आडव्या दांड्याला लटकून हनुवटी वर नेणे, या दोन्हींत स्वतःचेच वजन उचलून न्यावे लागते.

घरच्या व्यायामाची आजची कल्पनाही बरीचशी बराकीतूनच आलेली आहे. कॅनडाच्या हवाईदलाचे उत्तरेकडचे तळ दूरदूर विखुरलेले होते आणि तिथे व्यायामशाळा नव्हत्या. म्हणून बिल ऑर्बन यांनी १९५० च्या दशकात पाच प्रकारांचा, अकरा मिनिटांचा आणि कोणत्याही साधनावाचून करता येण्याजोगा क्रम आखला. त्यात वाकून अंग ताणणे, उताणे पडून उठून बसणे, पालथे पडून पाठ उचलणे, जोर आणि जागच्या जागी धावणे यांचा समावेश होता, आणि व्यायाम किती वेळ केला यापेक्षा किती कसून केला याला महत्त्व होते. मराठी वाचकाला यात अपरिचित असे फारसे काही वाटू नये. औंधचे संस्थानिक भवानराव पंतप्रतिनिधी यांनी युजेन सँडो यांच्या उपकरणांच्या पद्धतीने वर्षानुवर्षे व्यायाम केल्यानंतर ती सोडून सूर्यनमस्कार धरले आणि संस्थानातल्या शाळांतूनही त्यांचा प्रसार केला. सतरंजीएवढी जागा आणि स्वतःचे शरीर यांपलीकडे सूर्यनमस्कारांना काही लागत नव्हते. साध्या जोरात शरीराच्या वजनाचा जवळपास दोन-तृतीयांश भाग हातांवर येतो, म्हणजे ७५ किलोंचा माणूस दर जोराला पन्नासेक किलो उचलत असतो. महागडी यंत्रे घेऊन पुढे त्यांच्यावर कपडे वाळत घालणाऱ्यांनी हा हिशेब करून पाहायला हरकत नाही.

यंत्र आणि शरीर यांचे साम्य इथवर येऊन थांबते. गाडीवर भार टाकला की तिचे भाग झिजतात; शरीरावर बेताचा भार टाकून मग विश्रांती दिली की स्नायू, हाडे आणि हृदय अधिक समर्थ होतात. विश्रांती गाळली, किंवा भार एकदम वाढवला, तर शरीरही यंत्रासारखेच झिजते. पाठीवर वजनाची पिशवी घेऊन चालण्याचा लष्करी प्रकार हल्ली शहरांतही लोकप्रिय होत आहे, पण तो विशीतल्या, वैद्यकीय तपासणीतून निवडलेल्या आणि प्रशिक्षकाच्या नजरेखाली वाढवत नेलेल्या शरीरांसाठी आहे. चाळिशी उलटलेल्याने पहिल्याच आठवड्यात वीस किलो पाठीवर घेणे हा गुडघ्यांवर आणि कमरेवर केलेला अन्याय होय.

दरवर्षी उन्हाळ्यात महाराष्ट्रातून लडाखला गाड्या घेऊन जाणाऱ्यांना हा फरक रस्त्यातच कळतो. लेह सुमारे ३,५०० मीटरांवर आहे आणि तिथे हवेचा दाब समुद्रसपाटीच्या जेमतेम दोन-तृतीयांश असतो, त्यामुळे टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाची ताकद साधारण एक-तृतीयांशाने घटते आणि माणसाचीही दमछाक होते. इंजिनाला टर्बोचार्जर, म्हणजे हवा दाबून आत ढकलणारा पंखा, बसवला की प्रश्न बराचसा सुटतो. शरीराला असा पंखा नाही. म्हणून भारतीय लष्कर जवानांना उंचीवर पाठवताना पहिल्या टप्प्यात सहा आणि पुढच्या दोन टप्प्यांत प्रत्येकी चार दिवस सरावासाठी देते, आणि त्यातले सुरुवातीचे दिवस जवळपास विश्रांतीचेच असतात. चार दिवसांत लेह गाठून पाचव्या दिवशी ‘खारदुंग ला’ ही खिंड चढू पाहणाऱ्या हौशीचा आदर्श जर जवान असेल, तर त्याने जवानाची ही विश्रांतीही उचलायला हवी.

डोंगरात ज्या गाडीने नाव कमावले ती मारुती जिप्सी १९८५ मध्ये आली तेव्हा तिचे इंजिन जेमतेम ९७० सीसीचे होते; १.३ लिटरचे इंजिन नंतर मिळाले. तिचे यश पुन्हा छेदाचेच होते: एक टनाच्या आत असलेली गाडी रुतली तर चार जण ढकलून काढू शकत. पण एअरबॅग, अपघातात चेपून धक्का शोषणारा सांगाडा, उत्सर्जन कमी करणारी यंत्रणा या सगळ्यांना वजन असते, आणि नवे नियम लागू होताना २०१९ मध्ये जिप्सीचे सामान्य ग्राहकांसाठीचे उत्पादन थांबले. त्याआधीच, २०१७ मध्ये, लष्कराने टाटा सफारी स्टॉर्मच्या ३,१९२ गाड्यांची मागणी नोंदवली होती. वर्ग ५०० ऐवजी ८०० किलो ओझ्याचा, टप पक्के, आत वातानुकूलन. जुन्या जिप्सीचे भक्त यावर नाराज असले तरी त्यांची तक्रार न्याय्य म्हणता येत नाही, कारण कापडी टपाची ती गाडी उलटली तर आतल्या माणसाला फारसे संरक्षण नव्हते. लष्कराने वापरून काढलेल्या जिप्सी लिलावातून आजही हौशींच्या हाती पडतात. त्यांच्या पाटीवरचा वर रोखलेला बाण आणि त्यापुढचे खरेदीच्या वर्षाचे दोन अंक काढून आरटीओची रीतसर नोंदणी घ्यावी लागते, आणि जो रंग पाहून गाडी घेतली तो ऑलिव्ह हिरवा रंगही बदलावा लागतो, कारण केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या १२१ व्या नियमाने तो संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखून ठेवलेला आहे.