खेळाडूचा गुडघा आणि आघातलहरी

'शॉक' हा शब्द आपल्याकडे विजेशी इतका जोडला गेला आहे की, 'शॉकवेव्ह' उपचार म्हटले म्हणजे गुडघ्याला विजेचे झटके देत असावेत, असे पुष्कळांस वाटते. हा समज आधीच दूर केलेला बरा. येथे शरीरात वीज सोडीत नाहीत. सोडतात ती दाबाची लहर. तिला आम्ही आघातलहर म्हणू.

वैद्यकात ही लहर आली ती मुतखड्याच्या वाटेने. जर्मनीतील डॉर्निये या विमाने बांधणाऱ्या कंपनीत, वेगवान विमानावर पावसाचे थेंब आदळले म्हणजे काय घडते, याचा अभ्यास चालला होता. त्या अभ्यासाच्या ओघात १९८० साली म्यूनिक येथे, शस्त्र न लावता, रोग्याच्या मूत्रपिंडातील खडा बाहेरून फोडण्यात आला. पुढे हीच लहर, सौम्य करून, न सांधणाऱ्या हाडांवर आणि मग दुखऱ्या कंडरांवर योजली गेली.

गुडघ्याची वाटी नडगीला बांधून ठेवणारी जी जाड कंडरा, तिच्याविषयी आम्हांस बोलावयाचे आहे. उडी मारून जमिनीवर उतरताना सगळा ताण तिच्यावर येतो. नॉर्वेतील अव्वल खेळाडूंची पाहणी २००५ साली प्रसिद्ध झाली. तीत व्हॉलीबॉलपटूंपैकी शंभरांत सुमारे ४५ आणि बास्केटबॉलपटूंपैकी सुमारे ३२ जणांना हे दुखणे होते. वाटीच्या खालच्या टोकाशी एका बोटाने दाखविता येईल, अशी ही वेदना. प्रथम ती खेळ संपल्यावर जाणवते, मग खेळतानाही, आणि शेवटी जिना उतरतानासुद्धा.

दुखणे जुने झाले म्हणजे आतील तंतूंची सरळ मांडणी विस्कटते. पीळ सुटलेल्या दोरखंडासारखी कंडरेची अवस्था होते. नुसत्या विश्रांतीने वेदना शमते, पण पीळ बसत नाही. आघातलहरीने तेथील पेशी चाळवल्या जाऊन दुरुस्तीस लागाव्यात आणि वेदना नेणारे मज्जातंतू बधिर व्हावेत, अशी यामागची कल्पना. खड्याप्रमाणे येथे काही फोडावयाचे नसते.

कल्पना सुबक आहे यात शंका नाही. पण स्पर्धा तोंडावर आलेली, संघातील जागा टिकवावयाची, अशा वेळी 'आठवड्याला एक याप्रमाणे तीन खेपा घ्या आणि खेळत राहा' असे कोणी सांगितले तर त्या मुलाने काय करावे? नेमका हाच प्रश्न हॉलंडमध्ये तपासला गेला. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या त्या प्रयोगात, हंगामात खेळत असलेले ६२ खेळाडू होते. काहींना खऱ्या लहरी दिल्या, काहींना लुटुपुटीच्या. आपल्या वाट्याला काय आले हे खेळाडूंना ठाऊक नव्हते. २२ आठवड्यांनी दोन्ही गट थोडे सुधारले होते, आणि जवळजवळ सारखेच! तीन महिन्यांपासून वर्षापर्यंतचे दुखणे असलेले हे खेळाडू. त्याहून जुन्या दुखण्याबद्दल त्यावरून निकाल देता येत नाही. तैवानमधील २००७ च्या एका अभ्यासात लहरींचा चांगला गुणही आढळला होता. तथापि व्यायामाच्या जोडीला लहरी दिल्याने अधिक काही साधते का, हे २०१७ साली पाहिले गेले, तेव्हाही उत्तर नकारार्थीच आले.

म्हणून ज्याला हे यंत्र सुचविले जाईल त्याने, व्यायाम कोणता आणि उड्या किती कमी करावयाच्या, हे आधी विचारावे, असे आमचे मत आहे. कंडरेला पीळ बसतो तो भार सोसून. मात्र तो भार चढत्या पायरीने यावा लागतो. आरंभी गुडघा वाकवून न हलता जोर धरणे, मग सावकाश वजन उचलणे, मग उड्या, आणि सर्वांत शेवटी सामना. हॉलंडमध्येच ७६ खेळाडूंवर हा क्रम वापरून पाहिला. २०२१ साली त्याचे निष्कर्ष आले. वेदना सोशीत करावयाच्या जुन्या व्यायामापेक्षा तो सरस ठरला. तरीही २४ आठवड्यांनंतर, हा क्रम पाळणाऱ्यांपैकी शंभरांत ४३ जणच पूर्वीच्या तोडीने मैदानावर परतले होते.