मासा फसवणारी माशी

महाबळेश्वर - कृष्णा, कोयना, वेण्णा, सावित्री व गायत्री या पाच नद्यांचे उगमस्थान मानल्या जाणाऱ्या महाबळेश्वरची हवा थंड. तरीही काश्मीर वा निलगिरीप्रमाणे येथे ट्राउट मासा आढळत नाही. ट्राउटला साधारण २० अंश सेल्सिअसहून थंड, प्राणवायूने समृद्ध असे वाहते पाणी बारमाही लागते. सुमारे १,४०० मीटर उंचीवर उगम पावणाऱ्या येथील नद्या अल्पावधीतच खाली उतरतात आणि उन्हाळ्यात त्यांचे पाणी तापते.

ट्राउट पकडण्याची जगप्रसिद्ध पद्धत म्हणजे 'फ्लाय फिशिंग'. गळाभोवती पिसे, केस व दोरा गुंडाळून कीटकाचा आभास निर्माण करणारी कृत्रिम माशी तयार केली जाते. असे शेकडो प्रकार असले, तरी जाणकारांचा भरवसा मोजक्यांवरच असतो.

'अॅडम्स' ही करड्या रंगाची माशी १९२२ साली अमेरिकेतील मिशिगन येथे तयार झाली. ती पृष्ठभागावर तरंगते आणि कोणत्याही एका कीटकाची हुबेहूब नक्कल नसल्याने अनेक कीटकांच्या जागी चालून जाते. इंग्लंडमधील नदीरक्षक फ्रँक सॉयर यांची 'फेझंट टेल' पाण्याखालील अळीसारखी भासते. सॉयर यांनी दोऱ्याऐवजी तांब्याची तार वापरल्याने ती चटकन बुडते. 'वुली बगर' ही झुपकेदार शेपटीची माशी ओढताच छोट्या माशासारखी हलते. पृष्ठभाग, मधला प्रवाह व तळ असे तिन्ही थर या त्रयीने साधतात.

सह्याद्रीतील हौशींसाठी यातील 'वुली बगर'सारखी माशी अधिक उपयोगी. कारण येथील मानाचा मासा महाशीर. कीटकांबरोबरच लहान मासे आणि काठच्या झाडांची पाण्यात पडलेली फळेही तो खातो. कृष्णा खोऱ्यातील या दख्खनी महाशीरचे शास्त्रीय वर्णन विल्यम सायक्स यांनी १८३९ मध्ये केले. टाटा कंपनीने लोणावळ्याजवळ वळवण येथे त्याचे कृत्रिम प्रजनन केले.

मात्र हाच मासा बाहेरून कावेरीत सोडला गेला, तेव्हा तेथील मूळच्या कुबडधारी महाशीरची पीछेहाट झाली. २०१८ मध्ये त्या प्रजातीची नोंद 'अतिसंकटग्रस्त' म्हणून झाली. त्यामुळे हौसेखातर परका मासा नदीत सोडण्याऐवजी स्थानिक माशाला साजेशी माशी निवडावी, काटा नसलेला गळ वापरावा आणि स्थानिक नियम पाळून पकडलेला मासा ओल्या हातांनी पुन्हा पाण्यात सोडावा, हेच श्रेयस्कर.