ठेकेदार बदलला तरी पेन्शन मोडू नका

कडेगावात आमच्या बचत गटातल्या एक ताई एका कॉलेजात ठेकेदारामार्फत साफसफाई करतात. नऊ वर्षांत तीन ठेकेदार झाले. मध्ये काम बंद पडलं की त्या पीएफ आणि पेन्शन, दोन्हींचे पैसे काढायच्या. एकदा मुलीची फी भरली, एकदा घरावर पत्रा घातला. परवा म्हणाल्या, "आता वर्षभरानं पेन्शन बसंल ना?" नाही म्हणताना मला जड गेलं.

हिशेब समजून घ्या. मूळ पगार आणि महागाई भत्ता यांचे 12 टक्के आपले कापतात, तेवढेच ठेकेदारानं भरायचे. त्याच्या हिश्श्यातले 8.33 टक्के, 15,000 रुपयांपर्यंतच्या पगारावर, पेन्शनमध्ये जातात. एकूण 10 वर्षं सेवा भरली, की 58 व्या वर्षापासून दरमहा पेन्शन मिळते. ही वर्षं एकाच ठेकेदाराकडची असावी लागत नाहीत. पण 10 वर्षांआधी पेन्शनची रक्कम काढली, की तेवढी सेवा पुसली जाते.

म्हणून यूएएन हा 12 आकडी नंबर जपा. नव्या ठेकेदाराला तोच द्या, जुनं खातं त्याला जोडून घ्या. वारसाचं नाव लावा. पैसे खरंच भरतात का, ते उमंग ॲपवर पाहा.

नवं काम धरताना "हातात किती?" एवढंच विचारू नका. "पीएफ भरता का?" हेही विचारा. अडचणीला गटाचं कर्ज आहे. म्हातारपणाची भाकरी मोडू नका.