घरातील विजेच्या तारा बदलताना

जुन्या माळवदी घरात लाकडी पट्टीवरून नेलेल्या विजेच्या तारा असतील, तर त्यांवरील रबराचे वेष्टन उष्णतेने व काळाने कडक होऊन तडकते. अशा तारा वेळीच बदलणे हिताचे असते. परंतु हे काम कोणाकडून करून घ्यावे, हे सर्वस्वी घरमालकाच्या मर्जीवर सोपविलेले नाही.

दिवा, पंखा, फ्यूज किंवा बटण बदलण्यास परवाना लागत नाही. मात्र त्यामुळे जोडणीची क्षमता वा स्वरूप बदलता कामा नये. त्यापलीकडील भर अथवा फेरफार राज्य शासनाचा परवाना असलेल्या कंत्राटदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र धारण करणाऱ्या पर्यवेक्षकाच्या देखरेखीखाली करावयाचा असतो. १९५६ च्या भारतीय वीज नियमांतील हा दंडक केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१० च्या विनियमांतही कायम राहिला.

यातील ‘राज्य शासन’ हे शब्द सीमाभागातील कुटुंबांनी विशेष ध्यानी घ्यावेत. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जुना बिदर जिल्हा विभागला गेला. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी व हुमनाबाद म्हैसूर राज्यात आले. सोयरीकसंबंध मात्र तुटले नाहीत. त्यामुळे भालकीच्या घरासाठी उदगीरचा ओळखीचा वायरमन बोलावणे स्वाभाविक वाटते. त्याचे कसब उत्तम असेल. पण त्याचा परवाना कर्नाटकात ग्राह्य आहे काय, हे आधी विचारलेले बरे. बिदर व कलबुर्गी जिल्ह्यांत वीजपुरवठा जेस्कॉमकडे आहे. तिच्या कचेरीने कामाचा अहवाल नाकारला, तर तेच काम पुन्हा दुसऱ्याकडून तपासून घेण्याचा खर्च अंगावर येतो.

आता या अहवालात असते काय? तारांमधून वीज गळते काय, हे ५०० व्होल्टचा दाब देऊन मोजतात. वीजवाहक तार व जमीन यांमधील रोध सामान्यतः किमान १ मेगओहम असावा लागतो. भूसंपर्कन, म्हणजे अर्थिंग, नीट आहे काय हेही पाहतात. भिंतीला गिलावा केल्यावर आतील दोष डोळ्यांना दिसत नाही, म्हणून या चाचणीचे महत्त्व.

पंप, गिझर वा वातानुकूलन यंत्र नव्याने बसवावयाचे असल्यास वाढीव भाराची मंजुरीही घ्यावी. मीटरच्या मोहरेला कोणीही हात लावू नये. काम ठरविताना कंत्राटदाराच्या परवान्याचा क्रमांक व मुदत पाहावी आणि काम संपल्यावर चाचणी अहवालाची प्रत घराच्या कागदपत्रांसोबत जपून ठेवावी.