स्थलांतरपूर्व वैद्यकीय तपासणी आणि गर्भवतीची बोली

परदेशी दीर्घकाळ राहावयास जाणाऱ्यांची जी वैद्यकीय तपासणी होते, तिचा मुख्य रोख क्षयरोगावर असतो. भारतात या रोगाचे प्रमाण मोठे असल्यामुळे येथून जाणाऱ्या प्रौढ व्यक्तीस छातीचे क्ष-किरण चित्र बहुधा टळत नाही. अमेरिकेच्या स्थलांतर-व्हिसासाठी १५ वर्षांपासून, तर कॅनडा व ऑस्ट्रेलिया यांच्या तपासणीत ११ वर्षांपासून ते काढले जाते. ब्रिटनमध्ये ६ महिन्यांहून अधिक काळ राहावयाचे असल्यास क्षयरोगमुक्तीचा दाखला लागतो. ही तपासणी त्या त्या देशाने नेमलेल्या डॉक्टरांकडेच करावी लागते. राजापेठेतील स्त्रीचे नाव प्रसूतीसाठी ‘डफरीन’मध्ये घातलेले असले, तरी तेथील कागद या कामी पुरे पडत नाहीत, तिला मोठ्या शहरी, पुष्कळदा रात्रभर प्रवास करून मुंबईस जावे लागते. तेथे अनोळखी डॉक्टरांच्या प्रश्नांना ती कोणत्या शब्दांत उत्तर देते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

प्रथम नियम पाहू. गर्भारपण हा रोग नव्हे, आणि या तपासणीत ते अपात्रतेचे कारणही नाही. प्रश्न उरतो तो क्ष-किरणांचा. पोटावर शिशाचे आवरण घेऊन चित्र काढावे, किंवा प्रसूतीनंतर काढावे, असे दोन मार्ग गर्भवतीस खुले असतात. ब्रिटनच्या नियमांत थुंकीच्या तपासणीचा तिसरा मार्गही आहे; मात्र तिचा निकाल हाती येण्यास सुमारे ८ आठवडे लागू शकतात. छातीच्या एका चित्रातून गर्भापर्यंत पोहोचणारी मात्रा ०.०१ मिलिग्रेहून कमी असते. गर्भास अपाय होण्याची भीती वैद्यक ५० मिलिग्रेच्या पुढे धरते, आणि नऊ महिन्यांत निसर्गतःच गर्भास सुमारे १ मिलिग्रेपर्यंत किरण मिळतात. तरीही निवड स्त्रीचीच असते. लसींचे मात्र तसे नाही. गोवर-गालगुंड-रुबेला व कांजिण्या यांच्या लसी जिवंत विषाणूंच्या असल्याने त्या गर्भारपणात दिल्या जात नाहीत. अमेरिकेच्या कागदांत त्यांच्यापुढे ‘वैद्यकीयदृष्ट्या अयोग्य’ अशी नोंद होते व तेवढ्यासाठी प्रकरण अडत नाही.

हे सर्व रक्षण एका प्रश्नावर उभे आहे : शेवटची पाळी कधी आली? आपल्या बोलीत हा विषय सरळ बोलण्याची रीत नाही. ‘कावळा शिवला’, ‘बाहेर बसली’, ‘अडचण आहे’ अशा आडवळणांनी पाळी सांगितली जाते. आणि ‘दिवस गेले’, ‘पाय भारी झाले’, ‘दोन जीवांची आहे’ अशा आडवळणांनी गर्भारपण. यांपैकी ‘अडचण’ हा शब्द विशेष विचारात घेण्याजोगा आहे. तपासनिसाने सौजन्याने ‘काही अडचण आहे का?’ असे विचारले, तर त्याच्या मनात ‘क्ष-किरणांस काही बाधा आहे का?’ असा अर्थ असतो. स्त्रीच्या कानी मात्र ‘सध्या पाळी सुरू आहे का?’ असा प्रश्न पडतो. तिने दिलेले ‘नाही’ हे उत्तर तिच्या अर्थाने संपूर्ण खरे असते. दोन महिन्यांची गर्भवतीही हेच उत्तर देईल. संकोचाने निवडलेला शब्द नेमकी हवी ती माहिती अशा रीतीने झाकून टाकतो. त्यात पहिले तीन महिने कोणास सांगू नये, हा आपल्याकडील संकेत. सांगणे जेव्हा सर्वाधिक अगत्याचे, तेव्हाच मौन पाळले जाते.

दुसरी अडचण नामकरणाची. घरात क्ष-किरण चित्राला ‘फोटो’ म्हणतात. ‘छातीचा फोटो काढायचा आहे’ या वाक्यात किरणांचा मागमूसही नसतो. उलट ‘किरण’ म्हटले की अवाजवी धास्ती बसते. एका शब्दाने सावधगिरी नाहीशी होते, तर दुसऱ्याने विवेक. तीच गोष्ट ‘मेडिकल’मध्ये ‘पास’ वा ‘नापास’ होण्याची. परीक्षेवरून घेतलेल्या या शब्दांमुळे प्रसूतीनंतर चित्र काढण्याची निवडही नापास होण्यासारखी वाटू लागते. वस्तुतः ते नुसते पुढे ढकलणे होय. त्याची किंमत वेळात मोजावी लागते : प्रकरण तेवढे महिने थांबते, आणि पुढे नवजात बालकाचेही कागद करावे लागतात. ही किंमत तिला आधी कळली पाहिजे.

तिसरा शब्द ‘संमती’. आवरण घेऊन चित्र काढावयाचे, तर अमेरिकेच्या नियमाप्रमाणे गर्भवतीची संमती आवश्यक असते. घरच्या भाषेत तिचे रूप ‘इथे सही कर’ असे होते, आणि ‘आमची हरकत नाही’ हे उत्तर पुष्कळदा पती वा सासूच देते. हरकत नसणे आणि संमती असणे यांतील अंतर किती मोठे असते, हे इतिहासाने दाखविले आहे. जानेवारी १९७९ मध्ये लंडनच्या हीथ्रो विमानतळावर विवाहासाठी आलेल्या एका भारतीय शिक्षिकेची, ती खरोखर अविवाहित आहे की काय हे ठरविण्यासाठी, स्त्रीरोगविषयक तपासणी करण्यात आली. परत पाठविले जाईल या भयाने तिने संमतिपत्रावर सही केली होती. ती बातमी १ फेब्रुवारी १९७९ रोजी प्रसिद्ध झाली, आणि ही प्रथा त्याच महिन्यात थांबविण्यात आली. दिल्ली व मुंबई येथील ब्रिटिश कार्यालयांतही अशा तपासण्या झाल्याचे २०११ मध्ये सरकारी दस्तऐवजांतून उघड झाले. आजची क्षयरोग-तपासणी त्या जातीची नव्हे. तिचे प्रयोजन खरे आहे. परंतु सही म्हणजे संमती नव्हे, हा धडा दोहोंस सारखाच लागू पडतो.

आपल्या विभागास येथे करण्याजोगे काम आहे. तपासणीचे प्रश्न मराठीत आणताना ‘रजोदर्शन’ आणि ‘अडचण’ ही दोन्ही टोके टाळावीत. ‘शेवटची पाळी कोणत्या तारखेला आली? पाळी चुकली आहे का? दिवस गेले असण्याचा संभव आहे का?’ अशी तीन वाक्ये पुरेशी आहेत. ती स्त्रीला एकटीला, स्त्रीकडूनच विचारली जावीत. अमरावती व अकोला या जिल्ह्यांतील बोलीत ती कशी समजली जातात, हे वयोगटांनुसार तपासून पाहण्याचे काम पदव्युत्तर विद्यार्थ्यांनी अवश्य हाती घ्यावे.