गाडी आणि आपण : लेखांक ९ – चावी हरवली तर

मागच्या लेखांकात बॅटरी झाली, आता चावी. ती हरवली की पहिला फोन जातो चावीवाल्याला. तो येतो, नवी चावी घासून देतो, दरवाजा उघडतो. इंजिन मात्र सुरू होत नाही, किंवा सुरू होऊन लगेच बंद पडतं, आणि डॅशबोर्डवर चावीच्या चित्राचा दिवा लुकलुकत राहतो. दोष चावीवाल्याचा नाही. त्याने लोखंडाचं काम चोख केलेलं असतं. अडतं ते चिपपाशी.

ही चिप चावीच्या मुठीत असते आणि तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं वेटोळं असतं, त्याच्या चुंबकीय क्षेत्रातूनच तिला वीज मिळते. मग गाडीतला संगणक तिला एक आकडा पाठवतो आणि चिप स्वतःजवळच्या गुप्त संकेताने त्याचं उत्तर काढून परत देते. उत्तर जुळलं तरच इंजिन चालू राहतं. आकडा दर वेळी वेगळा, त्यामुळे एकदाचं उत्तर चोरून ऐकलं तरी चोराच्या उपयोगाचं नाही. हा इमोबिलायझर. रिमोटचा सेल संपला तरी चावी फिरवून गाडी सुरू होते, ती चिपला सेल लागत नाही म्हणूनच.

ब्रिटनमध्ये १९९८ पासून नव्या मोटारींना तो सक्तीचा आहे. अमेरिकेत तशी सक्ती नव्हती. तिथे २०११ ते २०२१ या काळातल्या ह्युंदाई आणि किआच्या साध्या चावीवर चालणाऱ्या अनेक गाड्यांत तो बसवलेलाच नव्हता. ही उणीव समाजमाध्यमांवर पसरली आणि शाळकरी पोरंसुद्धा यूएसबी केबलच्या टोकाने गाड्या पळवू लागली. म्हणून नव्या चावीचा खर्च आणि खटाटोप जाचक वाटला, तरी तो रास्त आहे असं माझं स्पष्ट मत आहे.

नव्या चावीसाठी अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये आरसी आणि ओळखपत्र लागतं. चावी हरवल्याची पोलिसांकडची नोंदही बऱ्याचदा मागतात. चेसिस नंबरवरून चावी कंपनीकडून मागवतात, त्यात काही दिवस जातात. ती आल्यावर गाडी समोर हवी, कारण यंत्र जोडून नव्या चावीची ओळख गाडीच्या संगणकात नोंदवावी लागते. एक चावी हाताशी असेल तर हे सोपं असतं. दोन्ही गेल्या तर गाडी टो करून न्यावी लागते आणि काही गाड्यांत कुलपांचा संच किंवा कंट्रोल युनिटच बदलण्याची वेळ येते.

याच वेळी हरवलेल्या चावीची नोंद संगणकातून पुसून घ्या. हे सांगायचं बहुतेक जण विसरतात. नोंद पुसली की त्या चावीने इंजिन सुरू होत नाही. दरवाजा मात्र उघडू शकतो. चावीसोबत तुमचा पत्ताही गेला असेल, तर कुलपंही बदला.

गाडी चोरीला गेल्यास विमा कंपन्या सहसा दोन्ही चाव्या मागतात. एकच दिली तर दावा रेंगाळतो, कधी फेटाळलाही जातो. अशा वेळी पोलिसांकडची नोंदच कामी येते. पॉलिसीत चावी बदलून देण्याचं जादा कवच आहे का, तेही पाहा. आणि घरातली दुसरी चावी कुठे आहे, हे आजच तपासा. ती नसेल, तर पहिली हातात आहे तोवरच नवी करून घ्या.